दाण्याच्या आतला आवाज

गुंडा खोत आमच्या गल्लीत राहायला आला तेव्हा तो नक्की काय काम करतो हे कुणालाच सांगता येत नव्हतं. गाव शिराळ्याजवळचं, सैन्यात सिग्नलमध्ये नोकरी झालेली, आता पेन्शनवर, एवढं कळलं होतं. सकाळी सायकलवरून माधवनगरला जातो आणि दिवसभर कानाला हेडफोन लावून बसतो, असं त्याची बायको लीला सांगायची. "काय ऐकत्यात मग?" असं विचारलं की ती म्हणायची, "मटकी."

आम्ही हसायचो. पण ते खरंच होतं.

माधवनगरला बंद पडलेल्या एका गिरणीच्या आवारात एका संस्थेनं शेड घेतली होती आणि तिथं कडधान्यांच्या बियाण्यावर संशोधन चालायचं. त्या कामाच्या मुख्य क्रांती मॅडम, मूळच्या पाटणकडच्या. मटकी, हुलगा, चवळी, पावटा यांची जुनी वाणं गावोगाव फिरून गोळा करायची. कोणतं वाण दोन पावसांवर तगतं, कोणतं जमिनीचा कस वाढवतं, कोणत्याचा पाला मेंढरं आवडीनं खातात, ते बघायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे हे बियाणं विषारी पावडर न घालता किड्यापासून कसं राखायचं ते शोधायचं.

कडधान्याचा भुंगा दाण्याच्या वर अंडं घालतो. अळी आत शिरते आणि आतल्या आत दाणा खात राहते. बाहेरून दाणा धडधाकट, तुकतुकीत दिसतो. एके दिवशी त्याला गोल भोक पडतं आणि भुंगा बाहेर येतो, तेव्हा आत टरफलाशिवाय काही उरलेलं नसतं. म्हणून भोक पडायच्या आधीच आत कुणी आहे का ते ऐकून ओळखायचं, असा मॅडमचा प्रयोग होता. शेडच्या एका खोलीला त्यांनी आतून जाड फोम लावून घेतला होता. तिथं काचेच्या बरण्यांत बियाणं ठेवलेलं. बरणीत एक बारीक माईक सोडायचा आणि ऐकायचं. यंत्र आवाज नोंदवायचंच, पण रस्त्यावरच्या ट्रकचा हादरा कुठला आणि अळीचा चावा कुठला, हे यंत्राला शिकवायला आधी माणसाचा कान लागत होता. गुंडानं सीमेवरच्या चौकीत उभं आयुष्य खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढण्यात घालवलं होतं. त्याला हे काम मिळालं.

आवाज कसा असतो, असं मी एकदा त्याला विचारलं. तो म्हणाला,

"वाळल्या पानावर नख मारल्यावानी. एक झाला की गप. मग परत." मग म्हणाला, "चौकीवर पलीकडं माणूस तरी असायचा. कवातरी खोकायचा, कवातरी गाणं म्हनायचा. हितं कोण खोकत न्हाई. नुसतं खात्यात."

पहिला उन्हाळा बरा गेला. मग एक दिवस जेवताना त्याचा हात ताटावरच थांबला. उठून तो फळीवरच्या तुरीच्या डब्याजवळ गेला, डब्याला कान लावला आणि म्हणाला, "ही डाळ टाक." लीलानं डाळ सुपात ओतली. सूप भुंग्यांनी वळवळायला लागलं. तिला त्या दिवशी कौतुक वाटलं. पण पुढं तो शेजाऱ्याच्या दारात बोलता बोलता चौकटीला कान लावायला लागला. लाकडी खुर्चीत बसायचा नाही. केस कापायला गेला तर अर्धे केस कापलेले असताना उठून बाहेर आला आणि फुटपाथवर उभा राहिला. लीला त्याला सांगलीत कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासणी केली आणि सांगितलं की कान उत्तम आहेत, या वयात इतके चांगले कान कमी बघायला मिळतात.

"कान बिघडल्यात म्हनले आसते तर बरं झालं आसतं," घरी येताना गुंडा म्हणाला. "मग आवाज खरा न्हाई, आसं तरी धरून चाललो आसतो."

पुढच्या चैत्रात मॅडम आणि गुंडा जत तालुक्यात बयाबाईच्या वस्तीवर गेले. बयाबाई धनगर समाजातली, पंचाहत्तरीच्या पुढची. तिच्या घरची मटकी त्या भागात नावाजलेली होती. पाऊस दगा देई त्या वर्षीही तिच्या माळावर वेल पसरलेले असायचे, आणि राखेत ठेवलेल्या तिच्या बियाण्याला कीड लागत नाही असं लोक सांगायचे. राखेनं भुंग्याला हलायला जागा राहत नाही, त्याचं अंग कोरडं पडतं, हे मॅडमना ठाऊक होतं. पण सगळ्याच राखा सारख्या काम करत नाहीत, म्हणून त्यांना ही राख आणि हे बियाणं दोन्ही हवं होतं.

घर दोन खणांचं, माळवदाचं. जाड लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा थर. सणासाठी भिंती नुकत्याच सारवलेल्या होत्या. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत गारवा होता. बयाबाईनं पाणी दिलं, कणगीतून मटकी सुपात काढली आणि राख पाखडली. दाणे बारीक, मातकट रंगाचे. गुंडानं सोबत आणलेला माईक दाण्यांत सोडला आणि हेडफोन लावला.

दाण्यांत काही नव्हतं. अगदी गप्प.

त्यानं हेडफोन काढला. आवाज तेव्हा सुरू झाला.

आधी त्याला वाटलं, आपलंच डोकं. तो मॅडमकडं बघायला लागला, त्या राखेची पुडी बांधत होत्या. त्यानं हात टेकायला म्हणून मधल्या खांबाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. खांब आतून कुरतडला जात असल्याचं हाताला जाणवत होतं.

"मॅडम, माईक लावून बघू का हितं?"

"खांबाला?"

"व्हय."

त्यानं माईक खांबावर दाबून धरला आणि यंत्राचा आवाज स्पीकरवर सोडला. खोली त्या आवाजानं भरून गेली. मॅडमच्या हातातली पुडी तशीच राहिली. तुळईला लावला, तिथंही तेच. दाराच्या चौकटीलाही तेच.

"घुण आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "लाकडातला किडा. मटकीला तो शिवत नाही. पण हे घर..." त्यांनी वर बघितलं. माळवदाची सगळी माती त्या तुळयांवर होती.

बयाबाई मात्र तशीच बसून होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट कुणीतरी घरच्या माणसाची आठवण काढल्यावर बघावं तशी ती बघत होती.

"तुमास्नी बी ऐकू आला म्हना की," ती म्हणाली.

"काय, आजी?"

"आमचं मालक हायत त्ये."

तिचा नवरा धुळा मेंढरं घेऊन चारणीला जायचा. एका वर्षी तो गेला आणि वाटेतच कुठंतरी तापानं गेला. बरोबरच्या लोकांनी तिकडंच माती दिली. त्याला कच्ची मटकी खायची सवय होती. बंडीच्या खिशात कायम मूठभर असायची, बोलता बोलता दाढेखाली धरायचा. तो गेल्यावर पहिल्या दिवाळीत घर निजानीज झालं तेव्हा बयाबाईला पहिल्यांदा तो आवाज आला. तिनं कुणाला सांगितलं नाही. मुलगा बिरदेव सांगलीत राहायला गेला, सून, नातवंडं तिकडंच. ती एकटी राहिली. पण एकटी आहे असं तिला कधी वाटलं नाही.

"आता म्हातारपनी जरा जास्तच खात्यात," ती म्हणाली. "खाऊ दे की."

मॅडमनी तिला घर धोक्यात आहे हे परोपरीनं सांगितलं. फोनवर बिरदेवला सांगितलं. त्यानंही आईला समजावलं, रविवारी येतो म्हणाला. बयाबाई जागची हलली नाही.

"मला न्हेऊन काय करशीला? त्येनी कुनाबरोबर ऱ्हायाचं?"

गुंडा इतका वेळ हेडफोन लावून खांबाजवळ उभा होता. त्यानं नंतर मला जे सांगितलं ते असं. खांबात असंख्य तोंडं होती, त्यांची सवय त्याला होती. पण त्या सगळ्यांच्या मागं, खोल, एक वेगळा आवाज होता. संथ. चावायचं, थांबायचं. माणूस घास गिळायला थांबतो तेवढं थांबायचं. मग परत. हे त्यानं मॅडमना सांगितलं नाही. त्यानं हेडफोन काढला आणि बयाबाईच्या पुढं धरला.

"आजी, एकदा जवळनं ऐका."

तिनं पदर मागं सारून हेडफोन कानाला लावला. आधी ती हसली. मग हसू गेलं. तिनं डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं, आणि तिचे ओठ पांढरे पडत गेले.

"ह्ये एकटं न्हाईत," ती म्हणाली.

तिनं हेडफोन कानावर आणखी दाबला.

"लय जन हायती, आन् त्येंच्यात त्येनी. गर्दीत बसवल्यावानी." तिनं हेडफोन खाली ठेवला. "ह्यी कोन हायती बाकीची?"

बयाबाई उठली. कोनाड्यातला देव पदरात घेतला, वाकळ काखेला मारली आणि उंबरा ओलांडून बाहेर लिंबाखाली जाऊन बसली. मागं वळून बघितलं नाही. कणगी गुंडानं आणि मॅडमनी मिळून बाहेर काढली.

रविवारी बिरदेव आला. आई उघड्यावर राहते आणि घर तर शाबूत उभं, हे बघून तो वैतागला. पण ती आत यायला तयार होईना, म्हणून त्यानं लिंबाजवळ पत्र्याचं शेड घातलं आणि गेला. गावात बोलणं झालं की म्हातारी बिघडली, शहरातल्या लोकांनी कानात काहीतरी घातलं.

घर पावसाच्या तोंडाला पडलं. भर दुपार होती, पान हलत नव्हतं. बयाबाई सांगते, त्या दिवशी मेंढरं भिंतीच्या सावलीला बसायची सोडून उन्हात जाऊन उभी राहिली. मग धूळ उठली. आवाज मोठा आला नाही. कुणी थकून खाली बसावं तसं माळवद खाली आलं. मॅडम आणि गुंडा बघायला गेले तेव्हा मोडलेल्या तुळयांमधून पिठासारखा भुसा गळत होता. बोटानं दाबलं तर लाकूड आत जायचं. मॅडमनी दोन तुकडे तपासायला आणले. गुंडानं ते त्या फोमच्या खोलीत पुष्कळ ऐकले. घुण होता, नेहमीचा. संथ आवाज त्यात नव्हता.

त्या राखेचा प्रयोग पुढं चांगला निघाला. राखेतली बयाबाईची मटकी महिनोन्‌महिने गप्प राहिली, आणि मॅडमनी ते वाण जत-आटपाडीकडच्या बायकांना राखेसकट वाटलं. गुंडा अजून तेच काम करतो. लीलानं घरातला लाकडी पलंग काढून लोखंडी आणला आहे. कान तसेच आहेत.

दसऱ्यानंतर तो नवीन बियाणं आणायला वस्तीवर गेला. बयाबाई खळ्यावर मटकी पाखडत होती. घर पडल्यावर बिरदेवनं तिला सांगलीला नेलं होतं, पण ती पेरणीच्या आधीच परत आली होती. बोलणं पीकपाण्याचं झालं. मग सूप खाली न ठेवता ती म्हणाली,

"पावणं, त्या दिवशी खांबात एक येगळा हुता. सावकास खाणारा. तुमी ऐकला हुता का न्हाई?"

गुंडाला खोटं बोलता आलं असतं.

"ऐकला हुता, आजी."

तिनं मान हलवली. "मग त्यो आता कुठं आसंल?"

"ठाऊक न्हाई."

तिनं सूप खाली ठेवलं. मग उठली आणि म्हणाली, "उन्हाचं आलायसा. जेवून जावा."

तिनं भाकरी आणि मटकीचं कालवण वाढलं. पहिला घास दाढेखाली गेला तसा गुंडाला स्वतःच्या जबड्याचा आवाज ऐकू आला, आणि तो थांबला. समोर बयाबाई मान किंचित कलती करून ऐकत होती. त्यानं नजर खाली घातली आणि सावकाश जेवण पुरं केलं.