अंगठा नको

नाव विचारायचं राहिलं, पण अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या जंगलात भेटलेल्या काकूंनी माझी लाज राखली, हे आधी सांगते.

मी सातवीत शाळा सोडलेली, बहिणीच्या बाळंतपणाला इथं आलेली. इथं पायवाटेवर लोक डबी लपवतात. कागदावरच्या खुणा वाचून ती शोधायची आणि आतल्या वहीत आपला शिक्का मारायचा. "इंग्रजी आहे ताई, तुला नाही जमायचं," बहीण म्हणाली. म्हणून हट्टानं एकटीच गेले. तिसऱ्या फेरीत ओंडक्याखाली डबी सापडली, पण शिक्का कुठला आणू?

माझं मराठीतलं पुटपुटणं ऐकून वाटेनं जाणाऱ्या काकू थांबल्या. "अंगठा उमटवा, चालतो."

"अंगठा नको. लिहिता येतं मला."

काकू हसल्या नाहीत. त्याही डब्या शोधणाऱ्याच; दगडावर बसून त्यांनी पिशवीतून खोडरबर आणि छोटी सुरी काढली. "मग शिक्काच करू. काय कोरू?"

"लाटणं. तेवढंच येतं."

"तेवढंच येत असतं, तर इंग्रजी वाचत इथवर आला नसतात. दुसरं सांगा."

"मग चप्पल. चालत आलेय."

आता मात्र त्या खळखळून हसल्या. फुंकर मारत मारत त्यांनी चप्पल कोरली आणि ती मी वहीत जोरानं उमटवली.

हल्ली मीही खोडरबर कोरायला शिकतेय. परतण्याआधी त्याच वाटेवर एक डबी लपवीन, खुणा मराठीत लिहीन, आणि आत काकूंसाठी शिक्का ठेवीन.