मनगटापासून तीन बोटं

केमोच्या वॉर्डात काम करायला लागल्यापासून माझ्या वहीची मागची पानं आधी भरतात. पुढं पेशंटच्या नोंदी, मागं त्यांचे डायलॉग!

नांदेडच्या एका दवाखान्यात मी फुप्फुसाच्या कॅन्सरवाल्यांना ॲक्युप्रेशर देते. मळमळ, धाप, झोप यासाठी. “यानं कॅन्सर जात नाही, औषधं चालूच राहणार,” असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

पहिले पेशंट कंधारचे टेलर, करीमचाचा. मी त्यांचा हात धरला, सोडला, पुन्हा धरला!

“घाबरू नको बेटी. कॅन्सर मला हाय, तुला न्हाई!”

*

तिसऱ्या केमोला चाचांनी जाहीर केलं, “ही शेवटची. ओकून ओकून जान निघून राहिली. पुढच्या न्हाई घेणार.”

माझं धाबं दणाणलं. अजून तीन बाकी होत्या! मळमळीची जागा मनगटाच्या घडीपासून कोपराकडं तीन बोटांवर. मी घाईघाईनं मोजायला लागले.

“थांब. बोटं कुणाची लावली?”

“माझी...”

“गिऱ्हाइकाचा कुर्ता स्वतःच्या मापानं शिवते का?”

त्यांची जाडजूड बोटं लावली, तर जागा चांगली अंगठाभर सरकली! इतके दिवस मी भलतीकडंच दाबत होते.

*

दुसऱ्या दिवशी चाचीचा फोन. मी धास्तावूनच उचलला.

“अर्धी भाकर खाल्ली, अन् वर लोणचं मागून राहिले!”

“मग पुढच्या केमोला येणार ना?”

“ते इचारलं. लोणचंच चांगलं हाय म्हणले!”

*

शेजारच्या बेडवर चाकूरचे केरबामामा. धापेमुळं झोप नाही. पंजा दाबता दाबता त्यांची मान कलली. मी किंचाळलेच, “सिस्टर!”

मामांनी एक डोळा उघडला. “आठ दिसानं डोळा लागला होता गं माय. तूच उठीवलीस!”

*

चौथ्या केमोचा दिवस. दहा वाजले, चाचांचा बेड रिकामा. साडेदहाला त्यांच्या नंबरवरून फोन आला आणि माझ्या हातून मोबाइलच पडला. उचलला, तर पलीकडं एसटीचा कंडक्टर!

“मॅडम, केमोला निघालेले चाचा तुमचेच ना?”

“हो! काय झालं त्यांना?”

“त्यांना काय होतंय! एका बाईला गाडी लागून मळमळत होतं, तर यांनी तिचं मनगट दाबलं. आता दवाखान्याचा स्टॉप आला तरी उतरून न्हाई राहिले. म्हणतात, अजून चार मनगटं बाकी हायत!”