जीपमागच्या घराची चासी

चितेगावच्या कारखान्यात मी वीस वर्षं ट्रॉल्यांचे आराखडे काढत होतो. त्यामुळे स्वतःसाठी एक छोटा ट्रेलर बांधायचा, त्यात झोपायला फळ्या आणि एक स्टोव्ह बसवायचा आणि सुट्टीत जीपमागे जोडून डोंगरात मुक्कामाला जायचं, हे मला अवघड वाटलं नाही.

"घर बांधून झालं, आता त्याला चाकं लावायची का?" बायकोनं विचारलं आणि ती पोळ्या लाटत राहिली. मी तो होकार समजलो.

आधी लागते चासी, म्हणजे ज्यावर सगळं उभं राहतं तो लोखंडी सांगाडा. भंगार बाजारात मला पाण्याच्या जुन्या टँकरची चासी दिसली. टाकी गंजून गेली होती, पण खालचं लोखंड हत्ती उभा करावा असं. "लई मजबूत आहे," असं मीच विकणाऱ्याला सांगितलं. त्याला काही बोलावंच लागलं नाही. घरी आणताना पुलाच्या चढावर जीप थांबली आणि हळूहळू मागे सरकायला लागली. शेजारून जाणारा रिक्षावाला थांबून म्हणाला, "साब, तुम उसकु खींच रे के वो तुमकु?" त्यानं आणि आणखी चौघांनी ढकललं, तेव्हा आम्ही पलीकडे गेलो.

दुसरी चासी मेहुण्यानं सुचवली. तो कन्नडला शेती करतो. ट्रॅक्टर आल्यापासून त्याची ऊस वाहायची टायरची बैलगाडी गोठ्यामागं पडून होती.

"दाजी, हलकी हाय. आन् उसाला काय झालं नाय, तर तुमाला काय व्हतंय?"

हा युक्तिवाद मला पटला. मी शिकलेला माणूस असल्यानं प्रयोग करून बघायचं ठरवलं. गाडी जीपला जोडली, मेहुणा चालवायला बसला आणि मी मागं फळीवर. कच्च्या रस्त्याला लागल्यावर मला कळलं की गाडीला धक्के झेलणारे कमानपाटे नाहीत. उसाला त्यांची गरज नसते. मी "थांब, थांब" ओरडत होतो. मेहुण्याला "दाब, दाब" ऐकू आलं, असं त्यानं नंतर शपथेवर सांगितलं. पुढचा आठवडाभर मी कारखान्यात उभं राहून काम केलं. साहेबांनी माझ्या उत्साहाचं कौतुक केलं.

शेवटी मी वेल्डिंगच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. सोबत माझे सात आराखडे नेले होते. त्यांनी ते सावकाश पाहिले, नीट गुंडाळून परत दिले आणि विचारलं, "आपकु घर लेके जाना है के लोहा?"

त्यांनी चौकोनी पाइपची हलकी चौकट केली, खाली जुन्या जीपचे कमानपाटे बसवले आणि माझ्या आराखड्यातले तीन आडवे लोखंडी चॅनल गाळून टाकले. मला ते तीन रात्री टोचत राहिले. चौथ्या दिवशी एका हातानं मी तो सांगाडा हलवून पाहिला आणि आराखडे माळ्यावर टाकले.

वरचा भाग बांधायला हिवाळा गेला. मार्चमध्ये आम्ही दोघं सोयगावकडे निघालो आणि डोंगराच्या पायथ्याशी थांबलो. बाजूच्या रानात एक धनगर कुटुंब मेंढरं घेऊन उतरलं होतं. ट्रेलर सपाट उभा करायला मी चाकाखाली दगड लावत होतो. तेवढ्या वेळात त्यांचं पाल उभं राहून चहा झाला होता. म्हातारा धनगर येऊन बघत बसला.

"गावात घर नाय का?"

"आहे की."

"मग?"

दुपार टळताना आभाळ काळं झालं आणि गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या. पाल फाटलं. बायकोनं मला न विचारता ट्रेलरचं दार उघडलं आणि हाक मारली. म्हाताऱ्याच्या दोन सुना, एक तान्हं लेकरू, म्हातारी, तिघी पोरी आणि उरलेल्या जागेत कोकरं आत शिरली. मी दोन माणसांचा हिशोब धरला होता. कमानपाटे दबले, आणि तिथंच थांबले.

मी आणि म्हातारा जीपमध्ये बसलो. टपावर दगडफेक चालावी तसा आवाज. तो मागच्या काचेतून ट्रेलरकडे बघत होता. तान्ह्याचं रडणं थांबलं तेव्हा त्यानं डोक्यावरचा पटका काढून तोंड पुसलं.

गारा थांबल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून पाल शिवलं. सहा मेंढरं मेली होती. त्याबद्दल तो एवढंच म्हणाला, "व्हतं असं." निघताना त्यानं वाकून ट्रेलरच्या खाली पाहिलं. "कुनी केलं?"

"मी," असं ओठांवर आलं होतं. "एका मिस्त्रींनी," मी म्हणालो.

घरी येऊन ट्रेलर तीनदा धुतला, तरी कोकरांचा वास काही गेला नाही. बायको म्हणाली, राहू द्या. मग तिनं आत झोपायला आणखी एक फळी कुठं बसेल ते स्वतः वितेनं मोजायला घेतलं.