उभ्या गाडीचा ड्रायव्हर

आठवीतून शाळा सुटली. गुहागरकडचं घर सोडून ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो, तो वारंगा फाट्यालाच राहिलो. काही वर्षं तिथंच सीटा भरून काळीपिवळी जीप चालवली. मग कळमनुरीतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं मला स्वतःच्या गाडीवर ठेवलं, अंगणातली खोलीही दिली. या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

एका सकाळी बाजारासाठी गाडी काढायला गेलो. बाई म्हणाल्या, "आजपासून गाडी फक्त गुरुवारी काढायची, नांदेडला. बाजारात मी पायी जाईन. उगं धूर कशापायी?"

गाडीच निघाली नाही तर ड्रायव्हर कशाला लागतो? विचारायची हिंमत झाली नाही. आपलं काम दिसावं म्हणून मी रोज उजाडताच उभी गाडी पाइपनं धुवायला लागलो, नंतर इंजिन चालू ठेवून आत बसायला लागलो. दिवसभर कुणाशी बोलणं नाही. इंजिनाची घरघर तेवढी सोबतीला.

एकदा बाई चहा घेऊन बाहेर आल्या. "काहून धूर करून राहिला रे? उभ्या गाडीला कुठं जायचंय?"

"बाई, मला काढणार का?" निघूनच गेलं तोंडातून.

"तुला काढून गाडी काय मी चालवू?" त्या हसल्या. "गल्लीतून दर गुरुवारी नांदेडला किती गाड्या जातात, एकेकीत एकच माणूस. तू जीपवाला न्हाई का? भर की सीटा."

जीप भरल्याशिवाय हलवायची नसते, एवढं मला ठाऊक होतं. दारोदार विचारत फिरलो. कापड दुकानवाले चाचाही दर गुरुवारी स्वतःच्या गाडीनं एकटेच जायचे; ते म्हणाले, "आलं कोकणातलं पार्सल! इथं काय फाटा हाये व्हय?" मग हळूच, "पुढची सीट माझी. मागं तकलीफ होते."

गुरुवारी चाचांची गाडी दारातच राहिली. आमची भरून निघाली. वाटभर हळदीच्या, सोयरिकीच्या गप्पा. मला कुणी काही विचारलं नाही.

नांदेडला सगळे उतरून गेले. इंजिन बंद केलं, काचा खाली घेतल्या आणि आईला फोन लावला. नोकरी राहिली म्हणून सांगितलं.

"मग मधल्या दिवसांत ये की रे घरी."

सवड तर होती. "बघतो," म्हणालो. मी नसताना बाईंचं माझ्यावाचून भागलं तर, हे तिला कसं सांगणार?