अण्णांनी आम्हाला ट्रकनं म्हैसूरला नेलं

काही माणसांबरोबर दोन दिवस प्रवास केला, की वर्षभर पुरतील एवढ्या गोष्टी जमतात. आमच्या अण्णांबरोबर अर्धा दिवससुद्धा पुरतो!

अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. माझ्या नवऱ्याला, सुधीरला, कंपनीनं अकरा महिन्यांसाठी नाशिकहून म्हैसूरच्या हेब्बाळमधल्या कारखान्यात पाठवलं. त्यासाठी मी बालवाडीतली नोकरी सोडली. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. सोफा कसा न्यायचा यावर मात्र तीन बैठका झाल्या!

शेवटी अण्णांनी निकाल दिला. "सामान एकटं सोडायचं नाही. मी आणि सुमन ट्रकमधून जाऊ." सुमन म्हणजे मी.

सुधीर पुढे ट्रेननं गेला. त्याला म्हणे ऑफिसचं रिझर्व्हेशन होतं.

*

डिसेंबरचा महिना. मी ब्लँकेटं हाताशी ठेवत होते. अण्णा म्हणाले, "दक्षिणेत कसली थंडी? उष्ण कटिबंध!" आणि सगळी ब्लँकेटं ट्रकमध्ये कपाटाखाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूर सोडलं तेव्हा अण्णांचे दात वाजत होते. "हा नुसता वारा आहे," असं म्हणत त्यांनी वरच्या गाठोड्यातून हॉलचा पडदा ओढला आणि अंगाभोवती गुंडाळला. लाल, मोठ्या फुलांचा. कड्यांसकट!

चहाला उतरलो. अण्णा खुळखुळ वाजत टपरीपाशी गेले. चहावाल्यानं हात पुसला आणि तळवा त्यांच्यापुढे धरला. "महाराज, जरा बघा की. पोरीचं लग्न कधी जमंल?"

आमचा ड्रायव्हर शिवाप्पा बेळगावचा, मराठी झकास. तो तिकडून ओरडला, "ह्यांना काय विचारतोस? ह्यांना उद्याचं काय, आजचं हवामान ठाऊक नाही!"

*

हरिहरजवळ मोठा पूल आला. खाली संथ, रुंद पाणी. माझ्या मनात आलं, आता आपण खरंच लांब आलो. बालवाडीतली पोरं आठवली.

अण्णांनी मांडीवरचा नकाशा न उघडताच सांगितलं, "ही कृष्णा."

शिवाप्पानं पूल ओलांडून गाडी बाजूला घेतली. "ताई, ही तुंगभद्रा. नमस्कार करायचा तर करा, थांबतो मी."

मी उतरले. चांगली पाच मिनिटं उभी राहिले. परत आले तेव्हा अण्णा म्हणाले, "उपनद्या मी सहसा मोजत नाही."

*

अण्णांनी पुस्तकावरून कन्नड शिकून घेतलं होतं. म्हणजे दोन शब्द. 'यल्ली' म्हणजे कुठे आणि 'हौदु' म्हणजे हो.

चित्रदुर्गच्या पुढे एका स्कूटरवाल्यानं हात करून ट्रक थांबवला. शिवाप्पा टायर बघायला खाली उतरला. अण्णांनी खिडकीतून विचारलं, "म्हैसूर यल्ली?" तो माणूस हातवारे करत भडाभडा बोलत सुटला. अण्णा मान डोलवत राहिले. "हौदु, हौदु, हौदु!" बिचारा कपाळाला हात लावून निघून गेला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"सरळ जा म्हणतो."

शिवाप्पा वर चढला. "तो म्हणत होता, तुमची गादी मागच्या वळणावर पडलीय. आणि हे त्याला हो हो म्हणत होते!"

मागे गेलो. गादीवर दोन कुत्री उन्हाला झोपली होती. त्यांना उठवायचं काम अण्णांनी शिवाप्पाला दिलं, कारण कुत्र्यांना मराठी कळत नव्हतं.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या घरी पोचलो. सुधीर फाटकात उभा. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल.

"प्रवास कसा झाला?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "माझे फार हाल झाले गं. वरचा बर्थ मिळाला."

शिवाप्पानं माझ्याकडे बघितलं आणि ट्रकचे दोर सोडायला घेतले.

*

कपाट आत न्यायची वेळ आली. अण्णा आधी घरात शिरले आणि आतून हुकूम सोडू लागले. "डावीकडे! तिरपं! माझी डावी!" कपाट दारात असं फसलं, की पुढे जाईना, मागे येईना. आम्ही सगळे बाहेर, अण्णा एकटे आत.

अण्णा खिडकीच्या गजांतून ओरडले, "अरे, इथे कुणाला मराठी कळतं का?"

"कळतंय की," त्यांच्या पाठीमागून आवाज आला.

अण्णा दचकले. घरमालकीण सरसाक्का गळ्यात शिवणकामाची टेप अडकवून, हातात कॉफीचा पेला घेऊन आत उभ्या होत्या. म्हैसुरातल्या जुन्या मराठी घरातल्या त्या.

"अय्यो, मागं एवढं मोठं दार हाय की! स्वल्प विचारायचं नाही का?"

अण्णांनी कॉफी घेतली. एक घोट प्यायले. मग वर्गात शिरल्यासारखा आवाज लावला. "बाई, 'हाय' नव्हे, 'आहे' म्हणावं. आणि 'स्वल्प' काय? 'जरा' म्हणा. किती वर्षं झाली तुम्हाला इकडे येऊन?"

"आमच्या आजोबांचे आजोबा आले," सरसाक्का शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही कधी जाणार?"