बिनआवाजाचं इंजिन

कानमिस्त्री हे नाव त्याला गिऱ्हाइकांनी दिलं होतं. मोटारसायकल गॅरेजच्या कोपऱ्यावर वळायच्या आतच तो हातातलं काम न सोडता सांगायचा, "टॅपेट ढिला झालाय," नाहीतर, "चेन रडतेय बिचारी, तेल कधी पाजलं होतं?" बाकीचे मेकॅनिक पैज लावायचे आणि हरायचे. त्याच्याकडे लांब दांड्याचा एक स्क्रूड्रायव्हर होता. टोक चालू इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. ती मूठ इतक्या वर्षांत कानाला घासून घासून काळी गुळगुळीत झाली होती. बायको म्हणायची, "माझं बोलणं या कानाने ऐकता, त्या कानाने सोडता. त्या लोखंडाचा मात्र एक शब्द वाया जाऊ देत नाही."

आता लोखंडही बोलेनासं झालं होतं.

हे एका दिवसात झालं नाही. आधी चेनची सळसळ गेली, मग टॅपेटची टिकटिक. माणसांची बोलणी तेवढी समोर उभं राहिलं की ओठांवरून कळायची. मिस्त्रीने कोणाला पत्ता लागू दिला नाही. चारजण हसले की तोही हसायचा, आणि कोणी पाठीमागून काही विचारलं की आपणच वैतागायचा, "काय हा गोंगाट! माणसाने ऐकायचं तरी कसं?" पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? एक गाडी त्याने "ओके" म्हणून दिली आणि गिऱ्हाईक कोपऱ्यावरूनच परत आलं. इंजिन खाली कुठेतरी ठोकत होतं. मालकाला ऐकू आलं, मेकॅनिकांना ऐकू आलं, चहावाल्यालासुद्धा ऐकू आलं. फक्त कानमिस्त्री सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

मालक वाईट माणूस नव्हता. त्याने मिस्त्रीला बाजूला घेतलं. "गाडी घरी न्या, इंजिन उतरवा. निवांत बसून बांधा, तुमच्या मनासारखं. सोमवारी सगळ्यांसमोर किक मारू. आवाज गेला, तर मी काही बोललो नाही असं समजा."

"आणि नाही गेला तर?"

मालकाने यावर काहीतरी उत्तर दिलं, पण खाली बघून. मिस्त्रीला जे कळायचं ते कळलं. या कामाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

घर म्हणजे तळमजल्यावरची एक खोली आणि मागे मोरीएवढं स्वयंपाकघर. अर्ध्या खोलीत बायकोचं शिवणाचं मशीन होतं. ती उशांचे अभ्रे शिवायची. उरलेल्या अर्ध्या खोलीत आता वर्तमानपत्रं अंथरून इंजिन बसलं. रॉकेलचा वास डाळीत गेला, भातात गेला, कोऱ्या अभ्र्यांत जायला लागला तशी ती कापडं गुंडाळून कपाटावर ठेवू लागली. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. या वेळी तिने फक्त खिडकी उघडून ठेवली.

त्याने हेड उतरवलं, सिलिंडर वर ओढून काढला. पिस्टन झिजला होता, तो नवा आणला. सिलिंडर लेथवाल्याकडून आतून घासून आणला. राहिला पिस्टनला खालून धरून ठेवणारा दांडा, कनेक्टिंग रॉड. त्याचा खालचा बेअरिंग चांगला की गेलेला, हे बघायची मिस्त्रीची आयुष्यभराची एकच रीत होती: रॉड दोन बोटांत धरायचा, सरळ वर झटका द्यायचा आणि कान द्यायचा. बेअरिंग गेला असेल तर अगदी बारीक 'टक' होतं. त्याने झटका दिला. काही नाही. पुन्हा दिला, कान पार जवळ नेऊन. काही नाही.

"रॉड शाबूत आहे," तो बायकोला म्हणाला आणि पुढे गेला.

सिलिंडर बसवायला तीच हाताशी होती. पिस्टनच्या रिंगा बोटांनी दाबून धरायच्या आणि वरून सिलिंडर सरकवायचा, हे दोन हातांचं काम नव्हे. "जोरात नाही, उशीत कापूस भरतेस तसं," तो म्हणाला. तिने तसंच दाबलं. सिलिंडर अलगद खाली गेला. तिच्या नखांत काळं तेल गेलं, आणि ते बघून मिस्त्रीला एकदम रडू आलं. त्याने नाक पुसायचं निमित्त केलं.

रविवारी दुपारी इंजिन दाराबाहेर गाडीवर चढलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मिस्त्रीने एक किक मारली, दोन मारल्या, तिसरीला गाडी थरथरली. सायलेन्सरमधून निळसर धूर आला आणि हळूहळू विरळ झाला. त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

शांत. एकदम शांत.

जन्मभर तो याच शांततेसाठी राबला होता. चांगलं बांधलेलं इंजिन असंच गप्प असतं. आणि आता ती मिळाली, तर ती इंजिनाची म्हणायची की कानाची, हे कळायला वाट नव्हती. त्याने उंबऱ्यात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. "कसं वाटतंय?"

ती हसली. "छान! पहिल्यासारखं."

मिस्त्रीच्या डोक्यावरून डोंगर उतरला. तो हसला, मोठ्याने हसला. तिलाही हसवलं. "उद्या मालकाचं तोंड बघायला ये," म्हणाला. मग कार्बोरेटर थोडा सेट करायला वाकला. एक हात ॲक्सिलरेटरवर, एका हातात लहान पेचकस, म्हणून लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ त्याने दातांत धरली. वाकताना त्याचं टोक इंजिनाला टेकलं.

आणि त्याच्या डोक्यात इंजिन वाजायला लागलं.

दातांतून, जबड्यातून, कवटीतून आवाज आला. चेनची सळसळ, टॅपेटची टिकटिक, सगळं. किती महिन्यांनी! त्याचे डोळे भरून आले. त्याला बायकोला ओरडून सांगायचं होतं, पण तोंडातली मूठ सोडवेना. आणखी ऐकावं, आणखी ऐकावं असं झालं. म्हणून त्याने आणखी ऐकलं. सगळ्याच्या खाली, दाराबाहेर कोणी चिकाटीने उभं असावं तसं: टक. टक. टक. टक.

खालचा बेअरिंग.

त्याने गाडी बंद केली. बायको आता हसत नव्हती.

"तुला ऐकू येत होतं?"

"पहिल्या किकपासून."

"मग छान का म्हणालीस?"

ती त्याच्या समोर आली, ओठ दिसावेत म्हणून अगदी समोर. म्हणजे तिला तेही माहीत होतं. "तुम्ही विचारलंत तेव्हा तुमचा चेहरा बघवेना मला. खोटं बोलले. उद्याचा विचारच केला नाही."

रागवायला हवं होतं. राग आलाच नाही. रॉड बदलायचा तर सगळं इंजिन उलगडून लेथवाल्याकडे न्यायला हवं, आणि रविवारी लेथवाला बंद. दोघं उंबऱ्यात बसून राहिली. एकदा ती त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, "उद्या जाऊच नका," आणि त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. या वेळी मुद्दाम.

सोमवारी मालकाने किकवर पाय ठेवला, तोच मिस्त्री म्हणाला, "थांबा. खालचा बेअरिंग गेलाय. रॉड मी शाबूत धरला, ती माझी चूक. मला ऐकू येत नाही, मालक. बरेच महिने झाले."

मेकॅनिकांचे हात थांबले. मालकाने तरी किक मारलीच. टक टक टक. मग गाडी बंद करून तो मिस्त्रीच्या समोर आला आणि शब्द सुटे सुटे करून म्हणाला, "काउंटरवर बसा. सुटे भाग द्यायचे, फोन घ्यायचे. मान राहील."

"काउंटरला कान लागतात," मिस्त्री म्हणाला. "इंजिनाला दात पुरतात." त्याने स्क्रूड्रायव्हर पुढे केला. "परीक्षा घ्या. कुठलीही गाडी आणा."

कोणी हसलं नाही, निदान त्याला दिसेल असं. मालक त्या काळ्या मुठीकडे बघत राहिला. तिच्यावर दातांचे ताजे वण उठले होते. मग तो वळला आणि ऑफिसकडे चालताना, पाठमोराच, काहीतरी बोलला.

सगळ्यांनी ते ऐकलं. मिस्त्रीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. एकाने मान खाली घातली, दुसरा उगाचच हात पुसायला लागला. 'काय म्हणाले?' एवढंच विचारायचं होतं.

ते न विचारता तो गाडीशेजारी खाली बसला, दहाचा पाना घेतला आणि इंजिनाचा पहिला बोल्ट सैल करू लागला. कोणी खांद्यावर हात ठेवून उठवेपर्यंत काम थांबवायचं नाही, असं त्याने ठरवलं.