गॅरेजात चालू, रस्त्यात बंद

भिंगरीला खरं नाव होतं, पण ते बायकोलाही आठवून सांगावं लागे. हा गॅरेजवाला एका जागी स्वस्थ बसलाय, असं कुणी पाहिलं असेल तर शपथ. जेवतानासुद्धा बाबाचा एक पाय उंबऱ्याबाहेर. गिऱ्हाइकाने "गाडी चालू होत नाही हो" म्हणायचा अवकाश, याच्या हातात पाना आलाच. "प्लग गेलाय!" प्लग बदलून भागलं नाही की "मग कॉइल!" उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. बरं, अंदाज बहुतेकदा बरोबर निघायचा, म्हणून तर खोड जडली.

पण आक्काच्या मोटरसायकलने त्याला घाम फोडला.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा याला न्हाऊ-माखू घालून तिनेच वाढवलेला. पेशाने नर्स. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, हे तिचं काम. साठीला टेकली तरी किक मारून गावभर फिरायची. आता तीच गाडी भर रस्त्यात आचके देऊन बंद पडायची आणि मग कितीही किका मारा, ढिम्म! गॅरेजात आणली की मात्र शहाण्या लेकरासारखी पहिल्या किकला चालू. भिंगरीने प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर खोलून धुतला. दर वेळी "आता बघ कशी पळते" म्हणायचा, आणि दर वेळी आक्का उन्हात ताटकळून, लालबुंद होऊन परत यायची.

त्या सकाळी ती आली ती ठरवूनच.

"पुरे झालं रे. आज शेवटचं. आजही वेळेवर पोचले नाही, तर काम सोडते म्हणून ऑफिसला कळवून टाकणार. माणसं जखम उघडी टाकून वाट बघतात माझी."

काम सोडून ही बाई करणार काय? घरात बसलेली आक्का भिंगरीच्या डोळ्यांपुढे उभीच राहीना. तो घाईघाईने नवा कार्बोरेटर काढायला कपाटाकडे पळाला, तर आक्काने मनगटच धरलं.

"हात खाली. जखम बघितल्याशिवाय मी मलम लावते का? आधी बघायचं कुठून वाहतंय ते. माझ्या मागे बस, आणि कशालाही हात लावशील तर याद राख."

बसला बिचारा. पण बसणं त्याच्या कुंडलीत कुठलं! गुडघे हलतायत, बोटं वळवळतायत. "आक्का, जरा चोक..." "गप!" बाजार गेला, शाळा गेली. पुलाच्या चढावर गाडीने आचका दिला, दोन उचक्या, आणि बंद. आक्काने किक मारली. परत मारली. काही नाही. भिंगरीच्या जिवाची नुसती तगमग. पण हात बांधलेले, म्हणून मग डोळे कामाला लागले. गॅरेजात येते तशी नाही, आक्का चालवते तशी गाडी तो पहिल्यांदाच बघत होता.

टाकीवर ते जाड रेक्झिनचं कव्हर. यंदा आक्काच्या वाढदिवसाला त्यानेच मापाने शिवून दिलेलं, झाकणासकट टाकीला घट्ट चिकटलेलं. आणि गॅरेजात गाडी आली की तो सगळ्यात आधी काय करायचा? ते उपसून कोपऱ्यात फेकायचा!

"आक्का, हे तू कधी काढतेस?"

"पेट्रोल भरताना. एरवी कशाला काढू? धूळ बसू नये म्हणून तूच दिलंस ना?"

त्याने कव्हर सोडून झाकण उघडलं. सुस्स करून हवा आत गेली. झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरेल तशी तिथून हवा आत शिरायला हवी. ते भोकच दाबून बसल्यावर पेट्रोल उतरणार कसं? थोडा वेळ थांबून त्याने किक मारली. गाडी चालू!

"आजार रेड्याला आणि औषध पखालीला!" तो कपाळावर हात मारून हसत सुटला. "आणि रेडा कोण, तर मी!"

आक्का हसली नाही. ती फुटपाथच्या कडेला बसून पदराने डोळे पुसत होती.

"अगं, चालू झाली ना! रडतेस काय?"

"मला वाटलं, माझाच पाय गेला." "तुझ्या किकला चालू व्हायची, माझ्या नाही. दुसरं काय समजू? रोज तेल चोळत होते. म्हटलं, ज्यांच्या पट्ट्या करते, त्यांच्या रांगेत आता आपणही."

भिंगरीने सगळी गाडी खोलून पाहिली, पण आक्काला कधी विचारलं नाही. त्याने इंजिन बंद केलं.

"मार किक," तो एवढंच म्हणाला.

आक्का उठली. नाक ओढलं, पाय टेकवला आणि मारली. पहिल्या दणक्यात गाडी गरजली. तिने बॅग नीट अडकवली, घड्याळ बघितलं, "अगंबाई, पट्टीवाले आजोबा वाट बघत असतील!" म्हणाली आणि पूल ओलांडून भुर्रकन गेलीसुद्धा. भिंगरीला मागे बसवून घ्यायचंही तिला भान राहिलं नाही.